सुभेदारांची गाडी पास होत नाही

मल्हारपेठेच्या अंगाला सुभेदार लालासाहेब निकमांची पांढरी गाडी दोन गोष्टींसाठी नावाजलेली होती. एक, तिच्यावर धुळीचा कण बसलेला कुणी पाहिला नव्हता. दुसरी, ती रस्त्यावर धावताना अलीकडे कुणी पाहिली नव्हती. पहिल्या गोष्टीचं गावाला कौतुक होतं. दुसरीची चौकशी करायची कुणाची छाती नव्हती, कारण सुभेदार निवृत्त होऊन घरी आले तरी त्यांचा आवाज अजून परेडच्या मैदानावरच राहायला होता.

सुभेदार लष्करात गाड्यांच्या खात्यात होते. लडाखच्या बर्फात त्यांनी ट्रक हाकले, राजस्थानच्या वाळूत हाकले, आणि जिथं गेले तिथं आधी ते धुतले. आता रोज सकाळी अंगणातल्या जांभळीखाली गाडी धुतली जाई, आणि तो सोहळा बघण्यासारखा असे. दोन बादल्या असायच्या. एकीत गाडीचा साबण, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून पिळायचं आणि मगच साबणाच्या बादलीत घालायचं. "फडक्यानं आधी चूळ भरायची, मंगच जेवायला बसायचं," असा सुभेदारांचा नियम. सुरुवात टपापासून, शेवट दाराखालच्या पट्टीशी. चाकांचं फडकं वेगळं. ते चुकून अंगाला लावणं म्हणजे पायपुसण्यानं तोंड पुसणं. उन्हात धुवायची नाही, डाग पडतात. भांड्याचा साबण लावायचा नाही, कांती जाते. हे सगळं बरोबरच होतं, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. एवढं करून गाडी कोरडी झाली की सुभेदार तिच्यावर खोळ घालीत, आणि दुसऱ्या दिवशी खोळ काढून परत धूत.

"म्हस धुतली तर दूध तरी देती," शेजारचे सयाजी कठड्यावर बसून मिश्री लावता लावता म्हणत. "ही काय देती वं सुभेदार?"

"शिस्त," सुभेदार म्हणत.

विजयमालाबाईंचं, म्हणजे सुभेदारांच्या पत्नीचं, या गाडीशी सवतीसारखं होतं. "माझं गुडघं दुखत्यात, त्यास्नी कवा त्याल चोळलं न्हाई," त्या येईल त्याला ऐकवत, "आन हिची चाकं रोज चोळत्यात. कुठं न्यायचं म्हटलं की हिला धूळ लागती. मला लागती ती माती व्हय?" यात खोटं काही नव्हतं. लग्न असो, बारसं असो, सुभेदारांकडे कारण तयार असे. आत्ताच धुतलीय. रस्त्याला खडी टाकलीय. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, काच फुटायची. बाई शेवटी यष्टीनं जात आणि येताना सुभेदारांच्या नावानं बोटं मोडत.

या घरात संयोगिता सून म्हणून आली. माहेर तासगावचं. शिक्षण बी. एस्सी., बी. एड., आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भावाच्या मागं लागून, द्राक्षबागांमधल्या रस्त्यांवर, ती गाडी चालवायला शिकली होती. नवरा ऋषिराज फौजेत, पठाणकोटला. लग्नाची हळद उतरायच्या आत तो गेला, आणि संयोगिता सासू, सासरे आणि गाडी यांच्यात राहिली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची, सासूला आत्या.

दसऱ्याच्या सुमाराला तिला कोयनानगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी चालून आली. दिवाळीची सुट्टी संपली की रुजू व्हायचं. तिला इतका आनंद झाला की तिनं त्या दिवशी भाकरी थापताना गाणं म्हटलं. मग तिनं यष्टीच्या वेळा विचारल्या आणि गाणं थांबलं. पहिली गाडी तिथं पोचायची तेव्हा शाळेची प्रार्थना होऊन पहिला तास संपत आलेला असायचा. मोठ्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं की उशीर चालणार नाही, दुसऱ्या एक बाई नंबराला आहेतच. दाराशी गाडी उभी होती, लायसन पर्समध्ये होतं. मधे फक्त सुभेदार होते.

तिनं धीर करून चहाबरोबर विषय काढला.

"मामा, गाडी तशी उभीच असती. मी नेली तर? लायसन हाय माझ्याकडं."

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "लायसन म्हंजी कागूद. ज्याला गाडी धुता येत न्हाई त्याला गाडी कळली न्हाई. आन ज्याला कळली न्हाई त्याच्या हातात मी चावी देत न्हाई."

"मग धुते की."

"धू. रविवारी धू. मी तपासतो. पास झालीस की चावी तुझी. फौजी जबान हाय."

संयोगिताला हे अगदीच सोपं वाटलं. रात्री तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो इतका हसला की पलीकडून कुणीतरी त्याला गप्प बसायला सांगितलं.

"पास?" तो म्हणाला. "मिसरूड फुटल्यापासनं देतोय मी ती परीक्षा. शेवटी वैतागून फौजेत भरती झालो. तिथं सोपं जातं."

पहिल्या रविवारी तिनं पदर खोचला आणि सगळे नियम पाळून गाडी धुतली. सयाजी कठड्यावर, विजयमालाबाई पायरीवर, असे प्रेक्षक जमले. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. त्यांनी उजव्या हाताची बाही दुमडली, पहिलं बोट ताठ केलं आणि ते गाडीवरून फिरवायला सुरुवात केली. टपावरून, काचेवरून, आरशामागून. गावात त्या बोटाला मान होता. फौजेत कर्नलसाहेब असंच बोट फिरवून बराकी तपासतात, असं सयाजींनी कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि ते त्यांनी सगळ्यांना सांगून झालं होतं. बोट दाराच्या रबराखाली शिरलं, बाहेर आलं, सुभेदारांच्या नाकापर्यंत गेलं.

"ही काय हाय?"

"माती, मामा."

"फेल."

दुसऱ्या रविवारी तिनं रबरं उचलून आतून पुसली. बोट चाकाच्या आतल्या बाजूला गेलं. फेल. विजयमालाबाई चिडून म्हणाल्या, "चाकाच्या आत काय देव बसवायचाय?" पण सुभेदार तोपर्यंत खोळ आणायला गेले होते. संयोगितानं त्या दुपारी न जेवता दुसऱ्या बाईंचा विचार केला, त्या नंबराला असलेल्या. तिला त्या बाईंचा अतोनात राग आला. त्यांची काही चूक नव्हती, पण राग कुणावर तरी काढावा लागतो.

तिसऱ्या रविवारी तिनं उजाडताच सुरुवात केली. रबरं, चाकं, नंबरप्लेटच्या मागं, वायपरच्या खाली, जुन्या दातांच्या ब्रशनं सगळं काढलं. गाडी अशी झाली की तीत तोंड बघून कुंकू लावावं. सयाजी उसाच्या तोडीला गेले होते, सासूबाई म्हशीच्या धारेला. सुभेदार बाही दुमडत पायऱ्या उतरू लागले, आणि नेमक्या त्याच वेळी जांभळीवरच्या कावळ्यानं आपला कार्यभाग बॉनेटच्या मधोमध उरकला. साधासुधा नव्हे. चांगला तळहाताएवढा, आणि पांढऱ्या बॉनेटवर उठून दिसेल असा काळपट हिरवा.

संयोगितानं डोळे मिटले. संपलं, तिला वाटलं. आता कावळ्यापायी पण फेल.

सुभेदार बॉनेटसमोर येऊन उभे राहिले. हात मागं बांधून, मान तिरकी करून त्यांनी बॉनेटकडे बराच वेळ पाहिलं. कावळ्याचा प्रसाद त्यांच्या पोटापासून हातभर अंतरावर होता.

"बॉनेट झकास," सुभेदार म्हणाले. "आरशागत."

संयोगिताला वाटलं, मामा चेष्टा करतायत. पण सुभेदारांनी आयुष्यात चेष्टा केल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. ते पुढं सरकले, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून बोट आत फिरवलं, नाकाशी नेलं. "फेल," म्हणाले आणि आत गेले. तिनं ओल्या फडक्यानं बॉनेट पुसलं, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. बोट. सगळं बोटानं. नाकाशी नेलं ते वासासाठी नव्हे. तिथपर्यंत आणल्याशिवाय त्यांना दिसतच नव्हतं.

मग तिनं लक्ष ठेवलं, आणि एकदा लक्ष ठेवल्यावर आंधळ्यालाही दिसावं असं सगळं समोर होतं. पेपर रोज विजयमालाबाई मोठ्यानं वाचायच्या; का, तर "तुजा आवाज बरा हाय" म्हणे. सगळा जन्म गेला, बाईंच्या आवाजाला बरा म्हणणारे ते पहिलेच, आणि बाई त्यावर भाळून अग्रलेखसुद्धा वाचत. सोमवारी सकाळी गाडी धुताना सुभेदारांच्या हातून फडकं निसटलं आणि वाळूत पडलं. ते खाली वाकले, हात जमिनीवर फिरवत फिरवत फडक्यापर्यंत नेला, उचललं, त्याला चूळ वगैरे काही न भरू देता तसंच दारावर घासायला लागले. संयोगिता जवळ गेली. कोवळं ऊन तिरपं पडलं होतं आणि त्यात गाडीचं सगळं अंग दिसत होतं: बारीक बारीक वरखडे, गोल गोल, दारांवर, बॉनेटवर, टपावर. एवढी निगा घेतलेली गाडी तारेच्या घासणीनं घासलेल्या पातेल्यासारखी झाली होती. खोळीत झाकलेली असल्यामुळे ते कुणाच्या नजरेला आलं नव्हतं, आणि ज्याच्या यायचं त्याच्या येऊ शकत नव्हतं.

तिला भरून आलं. इतके दिवस मामांच्या वाटणीचा जो राग तिनं त्या दुसऱ्या बाईंवर काढला होता, तो कुठल्या कुठं गेला. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ एक विचार आला की आता चावी आपल्या हातात आहे. आत्याला एक शब्द सांगायचा अवकाश. हा विचार आल्याची तिला स्वतःचीच लाज वाटली. शिवाय आत्याला सांगणं म्हणजे दुपारपर्यंत पाटणच्या बाजारात सांगणं. मामांच्या आवाजाला मग कोण घाबरणार होतं? ती गप्प बसली. पण शाळा उघडायचा दिवस काही तिच्यासाठी गप्प बसणार नव्हता.

तिढा सोडवला तो विजयमालाबाईंनीच, तोही नकळत. ऋषिराजला पठाणकोट मिळावं म्हणून त्यांनी औंधच्या यमाईला नवस बोलला होता आणि तो फेडायचा राहिला होता. सोमवारी संध्याकाळी त्यांनी पदर कमरेला खोचून जाहीर केलं की उद्या मंगळवार, उद्या औंध.

"उद्या?" सुभेदार म्हणाले. "उसाच्या गाड्या सुरू झाल्यात. काच..."

"फुटू दे काच."

"आजच धुतली..."

"देवीम्होरं घाण गाडी नेतीया का मी? धुतली ते बरंच झालं. न्यायचं नसंल तर तसं सांगा. सयाजी भाऊजींचा टेम्पो जातोय उद्या पुसेसावळीला शेणखत घिऊन. बसते त्या खतात. विचारलं कुणी तर सांगते, सुभेदारांची मालकीण हाय."

सुभेदार बुटांना पॉलिश करायला बसले. खतात बसलेल्या बायकोला गावानं पाहणं हा त्यांच्या शिस्तीत बसणारा प्रकार नव्हता.

सकाळी बाई जरीचं लुगडं नेसून, ओटीची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि दार लावून घेतलं. सुभेदार चावी हातात घेऊन गाडीसमोर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि चेहरा फाशीच्या कैद्याचा. कठड्यावर सयाजी मजा बघत होते. सुभेदारांनी चालकाच्या दाराची मूठ चाचपली. ती दुसऱ्या खेपेला हाताला लागली. संयोगितानं ते पाहिलं आणि तिच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं:

"मामा, आज माझी ड्रायव्हिंगची परीक्षा घ्याल म्हणाला होता ना!"

सुभेदार असं काही म्हणाले नव्हते.

"व्हय," ते म्हणाले, आणि आवाज परेडच्या मैदानावर परत गेला. "म्हणालो हुतो! इसरलो न्हाई मी. ही घे चावी. एक चूक झाली की खाली उतरायचं!" आणि ते इतक्या चपळाईनं डावीकडे जाऊन बसले की सयाजींच्या तोंडातली मिश्री पडायची राहिली.

गाडी मसूरच्या रस्त्याला लागली. संयोगिताला आधी भीती वाटली, मग गाडी हाताला कळली, आणि मग तिला मनापासून मजा यायला लागली. सुभेदार ताठ बसून हुकूम सोडत होते. "तिसरा टाक. आता सोड. इंजिन काय म्हनतंय ऐक की, त्याला दम लागलाय, दुसरा दे." डोळे समोर लावलेले, पण चालत होते ते कान. आणि कान तिखट होते. तिनं क्लच किंचित जास्त धरला तरी त्यांना कळायचं. उसाची ट्रॉली गाणी लावून समोरून आली तेव्हा तर ती वळणाआड असतानाच ते म्हणाले, "डावीकडं घे, धूड येतंय." पुढं मात्र एका सरळ रस्त्यावर ते गरजले:

"म्हस! म्हस हाय रस्त्यात! हॉर्न दे!"

रस्त्याच्या कडेला शेतकऱ्यानं ठेवलेली काळी पाण्याची टाकी होती.

"कुठं हाय म्हस?" मागून विजयमालाबाई पुढं वाकल्या.

संयोगितानं हॉर्न दिला. दोनदा दिला. "गेली, आत्या. बांधाला वळली," ती म्हणाली.

सुभेदारांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर औंधपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

डोंगरावर मंदिराशी गाडी लावली. विजयमालाबाई ओटी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, गुडघ्यांचं नाव न काढता. सुभेदार आणि संयोगिता बाहेर कट्ट्यावर बसले. वारा चांगला होता. खाली औंध गाव पसरलं होतं. सुभेदार तिकडे तोंड करून बसले होते.

"टाकी हुती का गवताची गंज?" त्यांनी विचारलं.

"टाकी."

"कवा कळलं तुला?"

"कावळ्याच्या येळी."

"कंचा कावळा?"

तिनं कावळ्याची हकीकत सांगितली. सुभेदारांनी कपाळावर हात मारला. "आन मी झकास म्हनालो व्हय?" ते हसले नाहीत, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "कुणाला बोललीस?"

"न्हाई."

"हिला?"

"आत्याला सांगितलं असतं तर आत्तापर्यंत आत देवीलाबी कळलं असतं."

हे मात्र त्यांना पटलं. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. एका लग्नाहून एकटेच परत येत होते. एक माणूस रस्त्यात उभा, हॉर्न वाजवून सरकेना. खाली उतरून त्याला सणसणीत शिव्या दिल्या. पार त्याच्या आईपर्यंत गेले. "मैलाचा दगड हुता पोरी. त्यो सरकणार कुठं? त्या दिवशी घरी आलो आन ठरीवलं, आता गाडी भायेर काढायची न्हाई. उद्या खरंच कुणी पोरसोर आलं म्हंजी?"

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखीवलं. मोतीबिंदू. आपरेशन करा म्हनला."

"मग?"

सुभेदारांनी इकडेतिकडे पाहिलं, दिसत नसताना. आवाज खाली आणला. इतका खालचा आवाज त्यांच्याकडे होता हे तिला त्या दिवशी कळलं.

"डोळ्यात सुई घालत्यात, पोरी. जागेपणी. समोरनं येती ती दिसती म्हनं."

"मामा, तुम्ही बॉम्ब पडत असताना ट्रक नेलाय."

"त्या ट्रकात मी बसलो हुतो. ट्रक माझ्या डोळ्यात बसत न्हवता."

संयोगिताला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं तर ती रात्रभर मनात सौदा जुळवत होती: तुम्ही ऑपरेशन करा, मला चावी द्या, मी तोंड बंद ठेवते. आता ते शब्द तिच्या तोंडातून निघेनात. ती एवढंच म्हणाली, "मिरजेला चांगले डॉक्टर आहेत. मी नेते तुम्हाला. तासगावला आमच्याकडं राहू. आत जाताना हात धरते, आणि सुई आली की मीच ओरडते, तुम्ही नका ओरडू."

"हिला काय सांगायचं?"

"गाडी सर्व्हिसिंगला नेतोय म्हणायचं."

सुभेदारांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "गिअर तू टाकतीस ते कळतसुदिक न्हाई. वळणावर बिरेक न्हाई मारलास, आधीच येग उतरीवलास. हे दिसाया लागत न्हाई, ऐकू येतं. त्या चावीचं म्हनशील तर ती तुझी. ही भीक न्हाई. पास झालीस."

संयोगितानं त्यांच्या पायाला हात लावला. रांगेतून विजयमालाबाईंनी ते पाहिलं आणि लांबूनच त्यांना वाटलं, सून गुणाची आहे, देवीच्या दारात सासऱ्याच्या पाया पडतेय.

गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी मिरजेला मुक्काम करावा लागतो हे विजयमालाबाईंना सहज पटलं. "त्या गाडीसाठी काशीलाबी जातील," त्या म्हणाल्या. ऑपरेशन दिवाळीच्या आत झालं. सुई आली तेव्हा कोण ओरडलं याबद्दल दोघांनीही कधी काही सांगितलं नाही, पण पुढं तपासणीला गेलं की दवाखान्यातली सिस्टर सुभेदारांना "काय वं, शूर मर्दा" असं म्हणत असे. काळा चष्मा लावून सुभेदार घरी आले, तेव्हा बाईंनी सगळ्या वाडीवस्तीचा उद्धार केला. "सर्व्हिसिंगला म्हणून गेला आन डोळा बदलून आला! आन मला कळलंसुदिक न्हाई! मी काय परकी हाय?" मग त्या चुलीमागं जाऊन रडल्या आणि सुभेदारांसाठी शिरा केला. सगळी दिवाळी सुभेदार आतल्या खोलीत, पडदे ओढून, काळा चष्मा लावून बसले. गाडी धुवायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. ती खोळीत झाकून होती.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. चष्मा उतरवायची परवानगीही त्याच सकाळी होती. संयोगिता साडीला पिना लावून, पर्स घेऊन बाहेर आली तेव्हा सुभेदार आधीच अंगणात होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता, खोळ अर्धी ओढली होती, आणि हातात पाण्याची बादली तशीच धरून उभे होते. ऊन जांभळीखालून आडवं गाडीवर येत होतं. संयोगिता जागच्या जागी थांबली. हे व्हायचं होतंच. फक्त ती नसताना झालं असतं तर बरं झालं असतं.

"ह्ये कुणी केलं?" सुभेदार म्हणाले.

दारावर, बॉनेटवर, टपावर, गोल गोल वरखडे चमकत होते. परीक्षेचे तीन रविवार सोडले तर गाडीला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागत नाही, हे साऱ्या गावाला पाठ होतं.

"मीच, मामा," संयोगिता म्हणाली. "परीक्षेच्या वेळी. माझं फडकं वाळूत पडलं होतं. तसंच वापरलं मी."

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं, नीट, एका चांगल्या डोळ्यानं. मग टपाच्या मधोमध बोट ठेवलं.

"हितं पोचतो व्हय तुझा हात?"

तिचा हात तिथं पोचत नव्हता. तेवढं ती काठीला फडकं बांधून पुसायची, आणि त्यानं गोल वरखडे पडत नाहीत.

"खोटं बोलायच्या परीक्षेत मातूर तू फेल," ते म्हणाले. त्यांनी तळहात टपावरून फिरवला, सावकाश, जसा दुखावलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवतात. "दोन वरसं मला वाटत हुतं, मी हिला धुतोय."

त्यांना वाईट वाटत होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. तेवढ्यात विजयमालाबाई संयोगिताचा जेवणाचा डबा घेऊन सोप्याच्या पायऱ्या उतरू लागल्या. भिंतीला एक हात, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग दुसरी पायरी.

"आवं, आज तरी त्या गाडीला सोडा की," त्या म्हणाल्या. "पोरीला उशीर हुतोय."

सुभेदारांनी वर पाहिलं. सकाळचं ऊन बाईंच्या तोंडावर पडलं होतं. केस सगळे पांढरे झाले होते, गालावर सुरकुत्यांचं जाळं होतं, आणि गुडघा वाकताना ओठ घट्ट मिटले जात होते. सुभेदार बघतच राहिले.

"तू कवा गं एवढी म्हातारी झालीस?" त्यांनी विचारलं.

आता आभाळ फाटणार होतं. पण बाईंनी फक्त डबा सुनेच्या हातात दिला आणि पदरानं तोंड टिपलं.

"तुमी गाडी धूत हुता की, तवा."

सुभेदारांनी बादली खाली ठेवली. ते पायऱ्यांपाशी गेले आणि राहिलेल्या दोन पायऱ्या उतरायला त्यांनी बायकोला हात दिला. संयोगितानं उरलेली खोळ ओढून काढली, न धुतलेल्या गाडीत बसली आणि कोयनानगरच्या रस्त्याला लागली.